दुसऱ्याच्या शेतातली येळवस

इकडच्या पहिल्या हिवाळ्यातलं मला सगळ्यात आधी आठवतं ते धुकं. सकाळी उठून पडदा सारला की बाहेर काहीच नसायचं. समोरची इमारत नाही, कालवा नाही, कालव्यावरचा पूल नाही. थोड्या वेळानं एखादा दिवा हलत यायचा आणि मग त्याच्यामागून सायकल निघायची. मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायचे आणि वाटायचं, आपण अजून झोपेतच आहोत, आई हाक मारेल तेव्हा उठू. आपण नेदरलँड्समध्ये राहतो, आपलं लग्न झालंय, आत न्हाणीघरात कुणीतरी दाढी करतंय आणि तो आपला नवरा आहे, हे सगळं मला रोज सकाळी नव्यानं स्वतःला पटवावं लागायचं.

नवरा नांदेडचा, मी निलंग्याकडच्या एका खेड्यातली. नांदेडच्या कॉलेजात एका वर्गात होतो. मी पुढं लातूरला शिकवायला लागले, तो इकडं आला. तो ज्या कंपनीत होता ती पाणी उपसून बाहेर टाकायचे पंप बनवायची. ह्या देशात जमीन समुद्राच्या खाली, म्हणून सारखं पाणी उपसून समुद्रात टाकावं लागतं. पहिल्यांदा त्यानं हे मला फोनवर सांगितलं तेव्हा मी अख्खं बालपण टँकरमागं घागर घेऊन पळण्यात घालवलेली बाई, मला खरोखरच राग आला. म्हटलं, टाकू नका म्हणावं, इकडं पाठवा.

आमचं लग्न दोन्ही घरांनी मान्य केलं, म्हणजे आधी पुरेसं भांडून घेतलं आणि मग मान्य केलं. त्याचं घर बौद्ध, माझं शेतवाल्या मराठ्यांचं. त्याचे वडील सरकारी नोकरीत लागले आणि गाव सोडून नांदेडला आले, तेव्हापासून त्याचं घर शहरातलं. लग्न त्यांच्या पद्धतीनं, वंदना घेऊन झालं. माझे वडील, आप्पा, पहिल्या रांगेत बसले होते. चेहरा कडू औषध घेतल्यासारखा, पण बसले होते. आमच्यापुरतं आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं की घरात देव मांडायचे नाहीत, सण मात्र सगळे करायचे. खाण्यावर आमचा दोघांचाही विश्वास होता.

दिवाळी झाली. तिची काळजीच नव्हती. दिवाळी कुठंही येतेच, तिला बोलवावं लागत नाही. इथल्या मराठी मंडळानं एका शाळेचा हॉल घेतला होता, सगळ्या पैठण्या बाहेर निघाल्या होत्या, चकल्या मऊ पडल्या होत्या. एका बाईंनी मला विचारलं, "लातूर म्हणजे सोलापूरच्या पुढं ना?" मी म्हटलं, हो, अजून थोडं पुढं गेलं की पृथ्वी संपते. नवरा माझ्या कोपराला हळूच धरून मला फराळाच्या टेबलाकडं घेऊन गेला. मग नाताळ आला. गल्लीगल्लीत दिवे, प्रत्येक खिडकीत तारा. दुपारी चारलाच अंधार पडायला लागायचा आणि आम्ही दोघं हातात हात घालून लोकांच्या खिडक्यांतून आतलं बघत फिरायचो. इथं पडदे लावत नाहीत. आत माणसं जेवत असायची, मेणबत्त्या जळत असायच्या, आणि आम्ही बाहेरच्या धुक्यात. मला ते आवडायचं. मी स्वप्नात फिरतेय आणि स्वप्नातल्या माणसांना मी दिसत नाही, असं काहीसं वाटायचं.

पण त्या सगळ्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट चालू होती, आणि ती आधी सांगायला हवी. दिवाळीच्या आसपास मला लातूरहून निरोप आला होता. एका ज्युनियर कॉलेजात मी लग्नाआधी मुलाखत दिली होती, तिथं रसायनशास्त्राची कायम जागा निघाली होती आणि ती मला मिळाली होती. नवीन वर्षात रुजू व्हायचं, नाहीतर नाही म्हणून कळवायचं. लातुरात क्लासेसमध्ये शिकवणाऱ्या माणसाला कायम जागा म्हणजे काय ते लातूरचाच माणूस जाणे. मी गेले असते तर नवरा इथं, मी तिथं, आणि मध्ये फोन. त्याचा इथला करार अजून बरीच वर्षं होता.

आप्पा रोज फोनवर सांगायचे, "पोरी, जागा सोडू नको. कायम जागा काय रोज मिळती व्हय?"

नवरा मात्र काहीच बोलायचा नाही. मी विचारलं की म्हणायचा, "तुला वाटंल तसं कर."

"पण तुला काय वाटतं?"

"मला काय वाटून राहिलंय त्याचा काय संबंध? तुझी नोकरी हाय."

आता हे ऐकायला फार चांगलं आहे. माझ्या मैत्रिणींनी तर फोनवर त्याची आरतीच ओवाळली, असा समजूतदार नवरा मिळायला भाग्य लागतं म्हणे. मला मात्र त्या समजूतदारपणाचा इतका संताप यायचा की मी भांडी आपटायचे. मला त्यानं 'जाऊ नको' म्हणायला हवं होतं. म्हटल्यावर मी कदाचित गेलेही असते, ते वेगळं. पण त्यानं म्हणायला हवं होतं. तो म्हणत नाही म्हणजे मी गेले तरी ह्याचं फार काही बिघडणार नाही, असा सरळ हिशोब मी मांडला होता. लग्नाला सहा महिने झालेल्या बायकोला दुसरा कुठला हिशोब सुचणार?

ह्या सगळ्यात येळवस जवळ आली.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. पुण्याच्या माणसाला हा सण माहीत नसतो, आणि लातूरच्या माणसाला दुसरा कुठला सण एवढा मोठा वाटत नाही. डिसेंबर-जानेवारीतल्या अमावस्येला अख्खा जिल्हा उठून शेतात जातो. शहरात त्या दिवशी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. ज्वारी पोटरीत आलेली असते, कणीस बाहेर पडायच्या बेतात, हरभरा घाट्यांवर असतो, आणि काळ्या आईला डोहाळे लागलेत असं समजून तिची ओटी भरायची. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोप करायची. बायका पहाटेपासून रांधतात. सगळ्या शेंगांचे ओले दाणे आणि पालेभाज्या एकत्र करून बेसन लावलेली भज्जी, बाजरीचे उंडे, म्हणजे वाफवलेले गोळे, गव्हाची खीर, आणि आंबिल, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून शिजवलेलं पातळ पेय. घरचा कर्ता माणूस घोंगडं पांघरून आंबिलीचं मडकं घेतो आणि शेताला फेरी घालत पिकावर आंबिल शिंपडत जातो. ओरडत जातो, "ओलगे ओलगे, सालम पलगे!" ह्याचा अर्थ आमच्या गावात कुणालाच धड सांगता येत नाही. कानडीतून आलंय म्हणतात. मग जेवण. आणि जेवताना वाटेनं जाणाऱ्या माणसाला हाक मारायचीच. ओळखीचा असो नसो, बांधावरून उपाशी कुणी जाता कामा नये.

हे मी नवऱ्याला मोठ्या कौतुकानं सांगत होते. त्यानं ऐकून घेतलं. मी म्हटलं, "तुमच्याकडं न्हवती का येळवस? नांदेडात नसंल, पण गावाकडं?"

"होती ना," तो म्हणाला. "माझी आई सांगती. सकाळपासून दारात बसायचे म्हणे सगळे."

"कशाला?"

"बोलावणं यायची वाट बघत."

त्याच्या आजोबांना शेत नव्हतं. ते दुसऱ्याच्या शेतात सालानं राबायचे. येळवशीला मालकाकडून निरोप आला की सगळं घर जायचं आणि बांधाच्या कडेला बसून जेवून यायचं. जेवण भरपूर असायचं, कुणी कमी वाढायचं नाही, हेही त्याच्या आईनं सांगितलं होतं. पण एका वर्षी बोलावणं आलंच नाही. मालक विसरला की आणखी काही, कळलं नाही. पोरं दुपार उलटेपर्यंत दारात बसून राहिली. आजी म्हणाली, मी जाऊन विचारून येते. आजोबांनी तिला जाऊ दिलं नाही. म्हणाले, मागायला जायचं न्हाई. त्या दिवसापासून ते घरातलं वळणच झालं. वडिलांनी कधी साहेबाकडं बदली मागितली नाही, आईनं शेजारणीकडं कधी वाटीभर साखर मागितली नाही.

"आमच्याकडं तर सगळ्यांना बोलावतात," मी म्हणाले.

"हाव. बोलावतात," तो म्हणाला आणि भांडी विसळायला उठला.

लहानपणी बांधावर उभं राहून "या ओ जेवायला!" म्हणून ओरडायचं काम माझं असायचं, माझा आवाज मोठा म्हणून. ज्यांना हाक मारायचे ते कुठून आले, सकाळपासून काय करत होते, हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता. मला वाटलं, आता येळवस नकोच करायला. पण दुसऱ्या दिवशी त्यानंच विचारलं, "आंबिलीला पीठ कुठलं लागतं? ते सुरिनामी दुकानात मिळून राहिलं का बघतो."

मिळालं. त्या दुकानात सगळंच मिळतं, तिथल्या माणसांचे पूर्वज शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच देशातून सुरिनामला गेलेले. ओले दाणे मात्र बर्फातले घ्यावे लागले. ताक इथं पिशवीत नाही, डब्यात मिळतं आणि चांगलं आंबट असतं. पीठ ताकात कालवून मी हीटरजवळ ठेवलं. थंडीनं ते काही फुगेना, मग मी त्याला शालीत गुंडाळून ठेवलं, संध्याकाळी सोफ्यावर मी आणि नवरा बसायचो आणि मध्ये ते पातेलं. सिनेमा बघता बघता तो झाकण उघडून वास घ्यायचा आणि म्हणायचा, "अजून न्हाई." त्या दिवसांत आम्ही नोकरीबद्दल एक अक्षर बोललो नाही. नाही म्हणून किंवा हो म्हणून कळवायची वेळ अगदी जवळ आली होती, आणि आम्ही दोघं पिठाला आंबट वास कधी सुटतोय ते बघत होतो.

शेताचं काय करायचं हे मी ठरवलं होतं. जवळच्या बागेत एक बाक होतं, त्याच्यामागं थोडं गवत होतं, तिथंच उरकायचं. तसं मी येळवशीच्या आदल्या दिवशी सांगितलं. तो म्हणाला, "बागेत कशाला? बघू. सकाळी लवकर निघू."

सकाळी आम्ही सायकली काढल्या. कुकरच्या भांड्यात आंबिल, डब्यांत बाकीचं, सगळं पुढच्या टोपलीत. तो पुढं, मी मागं. धुकं इतकं दाट की मला त्याच्या सायकलचा लाल दिवाच काय तो दिसत होता. गाव संपलं. रस्ता बांधासारखा उंच, दोन्ही बाजूंनी पाण्याचे चर, त्यांच्यावर कागदाएवढा पातळ बर्फ. बदकं दिसत नव्हती, पण कुठंतरी बोलत होती. किती वेळ गेलो कुणास ठाऊक. मला वाटलं हे असंच चालू राहावं, कुठं पोचू नये. पोचलं की परत यावं लागतं, परत आलं की उत्तर कळवावं लागतं.

तो एका ठिकाणी उतरला. फाटकाच्या आत शेत होतं. कमरेएवढी उंच खोडं ओळीनं उभी, आणि प्रत्येक खोडाला वरपासून खालपर्यंत लिंबाएवढे कोबीचे गड्डे चिकटलेले. हे पीक इथं थंडीतच काढतात. माती काळी होती. मी पायानं उकरून बघितली, खरंच काळी होती, आपल्यासारखी.

"हे कुणाचं हाय? आत कसं जायचं?"

"जायचं," तो म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं.

कडबा नव्हता. आम्ही दोन सायकली एकमेकींना टेकवून उभ्या केल्या, वरून पलंगपोस टाकला आणि ती आमची खोप झाली. आत डबे मांडले. पांडव म्हणून पाच दगड ठेवतात आमच्याकडं, ते मी ठेवले नाहीत. मातीवर फक्त हळदीचं बोट लावलं. आप्पांना व्हिडिओवर फोन लावला. तिकडं त्यांचं जेवण उरकत आलं होतं, मागं लख्ख ऊन, हिरवीगार ज्वारी, कुणीतरी पोरं झोक्यावर. आप्पांनी आमची खोप बघितली आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, "कळवलं का कॉलेजला?" मी म्हटलं, आवाज येत नाही आप्पा, आणि फोन ठेवला.

आता फेरी घालायची होती. ती कर्त्या माणसानं घालायची असते. मी भांडं उचलायला गेले. येईल तसं मीच घालते, असं मी मनाशी धरलं होतं, त्याला काही म्हणायचं नव्हतं.

"मी घेऊ का?" तो म्हणाला.

मी आंबिलीला गुंडाळलेली शाल सोडून त्याच्या डोक्यावरून पांघरली, हातात कुकरचं भांडं दिलं, डाव दिला. "काय म्हणायचं असतं?" मी सांगितलं. त्यानं दोनदा पुटपुटून बघितलं. त्याच्या घरात हे कुणी कधी म्हटलं नव्हतं, फक्त लांबून ऐकलं होतं. मग तो निघाला आणि थोड्या पावलांतच धुक्यात मिसळला.

आधी आवाज अगदीच लहान, लाजत काढलेला. "ओलगे ओलगे..." मग जरा मोठा. मग तो आवाज शेताच्या कडेनं लांब लांब जायला लागला. मी सायकलींजवळ उभी. चारी बाजूंना पांढरं, वर पांढरं, आणि त्यात नवऱ्याचा आवाज तेवढा फिरतोय, कधी उजवीकडून, कधी कुठून तेच कळत नाही. एका क्षणी तो पार पातळ झाला. मी कान देऊन उभी राहिले. आणि मला एकदम भीती वाटली. मी लातूरला गेले तर ह्या माणसाचं माझ्याकडं एवढंच राहणार. लांबून येणारा आवाज. कायम जागा मला हवीच होती, पण हा आवाज जवळ हवा होता, आणि ते मला त्या शेतात उभं राहून पहिल्यांदा कळलं. मी त्याला हाक मारली. उत्तर आलं नाही. ओलगेही थांबलं होतं.

मग धुक्यातून दोन माणसं आली. एक माझा नवरा, शाल पांघरलेला, हातात कुकर. त्याच्यामागं एक उंच, साठीची बाई, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मला वाटलं, धरला. दुसऱ्याच्या शेतात घुसून आरडाओरडा केल्याबद्दल आता पोलीस येणार, व्हिसा जाणार, आणि नोकरीचा प्रश्न आपोआप सुटणार.

शेत त्या बाईंचं होतं. धुक्यात कुणीतरी ओरडतंय म्हणून त्या धावत आल्या होत्या, त्यांना वाटलं माणूस चरात पडला. आल्या तर हा त्यांच्या पिकावर डावानं पांढरं काहीतरी टाकत होता.

"हे काय आहे?" त्यांनी इंग्रजीत मला विचारलं. आवाज कडक होता. त्या शेतात कसलंच औषध मारत नसत, आणि पिकावर कुणी काही टाकलेलं चालण्यासारखं नव्हतं.

"ताक," मी म्हणाले. "ताक आणि पीठ. शिजवलेलं."

त्यांनी भांड्यात वाकून वास घेतला. मग डाव घेतला, थोडं हातावर ओतलं आणि चाखलं. त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "हे तर माझी आई करायची. ताक आणि सातूचं पीठ. रोज रात्री. आम्ही सगळी भावंडं रडत खायचो."

आणि त्या हसायला लागल्या. आम्हीही. मी त्यांना म्हटलं, जेवायला बसा. मराठीतच म्हटलं आधी, "बसा ओ जेवायला," इतकं ते आपोआप तोंडातून आलं. त्या नको नको म्हणाल्या आणि बसल्या. उंडा त्यांना आवडला, भज्जी फार आवडली, आंबिल त्यांनी दुसऱ्यांदा घेतली नाही. खीर खाता खाता त्यांनी माझ्या नवऱ्याकडं बोट केलं.

"ह्याला मी ओळखते. हा पहिल्यांदा आला तेव्हा फाटकाशी बराच वेळ उभा होता. मी विचारलं, काय हवंय? तर म्हणाला, बटाटे. बटाटे घेऊन गेला. पुढच्या आठवड्यात परत. परत बटाटे. मग एक दिवस आला आणि म्हणाला, मला एक मागायचंय. माझ्या बायकोला एका दिवसासाठी शेत हवंय." त्यांनी चमचा चाटला. "आमच्याकडं लोक बरंच काही मागतात, पण हे कुणी मागितलं नव्हतं. मी हो म्हटलं. ओरडणार आहे हे मात्र त्यानं सांगितलं नाही."

तरीच आमच्या घरात बटाट्यांचा ढीग लागला होता. बटाट्याची भाजी, बटाट्याचे पराठे, मी त्याच्यावर चिडून म्हणालेही होते की तू बटाट्यांची एजन्सी घेतलीस का. मी त्याच्याकडं बघितलं. तो खाली मान घालून उंडा कुस्करत होता, कान लाल झाले होते. थंडीनं असतील.

बाई गेल्या. जाताना म्हणाल्या, पुढच्या वर्षी यायचं असेल तर या, पण ते ताक घरी ठेवून या. त्यांचे बूट चिखलात वाजत लांब गेले. धुकं थोडं वर उचललं होतं, आता ओळींचं दुसरं टोक अंधुक दिसत होतं. आम्ही दोघं मातीवर बसून राहिलो. बूड गार पडलं होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. तो ताट पुसत होता. पुसून झालेलं ताट परत पुसत होता.

"जाऊ नको," तो म्हणाला.

मला ऐकू आलं होतं. तरी म्हटलं, "काय?"

"लातूरला. जाऊ नको. मला न्हाई करमायचं."

ती जागा मी सोडली. तिचं मला तेव्हा वाईट वाटलं, आजही वाटतं, आणि इथं माझं काम जमायला पुढं बराच काळ गेला. आप्पा कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. हे सगळं खरं आहे. पण त्या मिनिटाला मला आनंदही झाला नाही, मला आला तो राग.

"दिवाळीपासून वाट बघून बघून माझा जीव गेला," मी म्हणाले. रडतच म्हणाले. "एवढं बोलायला तुला काय झालतं? त्या बाईकडं शेत मागितलंस. माझ्याकडं मागायला काय झालतं?"

तो ताटाकडंच बघत होता. "ती न्हाई म्हणली असती तर बागेत गेलो असतो," तो म्हणाला. "तू न्हाई म्हणली असतीस तर?"

इतके दिवस हा माणूस गप्प होता ते त्याला काही फरक पडत नाही म्हणून नाही, तर माझं एक 'न्हाई' त्याला सोसलं नसतं म्हणून. आणि मी भांडी आपटत होते. मी सरकून त्याच्या शालीत शिरले.

"न्हाई म्हणलं तर परत विचारायचं असतं," मी म्हणाले. "जेवायला बोलावलं की माणूस पहिल्यांदा नकोच म्हणतो. म्हणून काय बोलवायचं सोडतात?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग राहतीस का?"

"न्हाई," मी म्हणाले.

त्यानं परत विचारलं.